तिसऱ्या खंडाची शेवटची दोन पानं

आमच्या कॅनडातल्या विंडसरच्या घरापासून नदी चालत बारा मिनिटांवर, आणि नदीच्या पलीकडे अमेरिका. डेट्रॉईटच्या उंच इमारती मी पन्नास वर्षं रोज बघत आलो. रोज दिसणारी गोष्ट आपल्याला माहीत असते असा माझा एक समज होता, आणि माझे समज घट्ट असतात. बायको म्हणते, यांच्या डोक्यात एकदा खिळा बसला की तो काढायला भिंत पाडावी लागते.

ती भिंत पाडली शेजारच्या बाईंनी. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, माझं सत्त्याहत्तर. त्या काळ्या, जन्म डेट्रॉईटचा. लग्न करून नदीच्या अलीकडे आल्या, इथल्या शाळेत तीसएक वर्षं गणित शिकवलं, आणि नवरा गेल्यावर त्याच घरात एकट्या राहतात. त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी काढतो. यात परोपकार वगैरे काही नाही. मुलांनी मला बर्फ काढायचं मशीन घेऊन दिलंय आणि आमच्यापुरतं चालवलं तर ते दहा मिनिटांत आटपतं, मग उरलेल्या सकाळचं करायचं काय?

मागच्या मार्चमधली गोष्ट. मशीन बंद करून मी त्यांच्या दारात उभा होतो आणि हल्ली भारतातून नव्याने येणाऱ्या पोरांबद्दल कुरकुर करत होतो. यांना सगळं आयतं हवं, आमच्या वेळी असं नव्हतं, आम्ही मेरिटवर आलो. कॅनडाचा व्हिसा मिळायला शिक्षणाचे पॉइंट, अनुभवाचे पॉइंट, इंग्रजीचे पॉइंट, कुणाची मेहेरबानी नाही. हे भाषण माझं तोंडपाठ आहे. मराठी मंडळात त्यावर माना डोलतात. बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवून ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेरिट माझ्या वडिलांकडेही होतं," त्या म्हणाल्या. "पोतंभर होतं. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची ऑफिसं झाडली."

त्या बोलल्या अर्थात इंग्रजीत. मी इथे मराठी करून सांगतोय. त्या मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही', याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. त्या दिवशी तर शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. मी काहीतरी पुटपुटून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून बोलावलं आणि दारातच एक जड ग्रोसरीची पिशवी पुढे केली. आत तीन पुस्तकं होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा इतिहास, एकाच इतिहासकाराने लिहिलेला, तीन खंडांत, आणि एकेक खंड विटेएवढा.

"माझ्या भावाचे आहेत," त्या म्हणाल्या. "सावकाश वाच, घाई नाही. त्याने आत बरंच खरडून ठेवलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस."

भाऊ त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, डेट्रॉईटमध्येच राहायचा. आदल्या ऑक्टोबरमध्ये तो गेला होता. तरुणपणी तो दक्षिणेत जाऊन दोन वर्षं राहिला होता, तिथल्या काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करायला, एवढं मला ऐकून माहीत होतं. नोंदणी म्हणजे टेबल मांडून फॉर्म भरून घ्यायचे, अशी माझी कल्पना. त्या फॉर्मपायी माणसं मार खात, तुरुंगात जात, जिवानिशी जात, हे मला त्या पुस्तकांनी सांगितलं.

मी इतिहासाचा माणूस नाही. चौतीस वर्षं मी इथल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. गाडीच्या दाराचा पत्रा ज्या पोलादी साच्यात दाबून काढतात त्याला डाय म्हणतात. ती डाय तपासायची आणि चांगली असेल तर सही करायची, हे माझं काम. त्यामुळे पुस्तकही मी तपासायला घेतल्यासारखं उघडतो. आधी मागची पानं काढून बघतो, की या माणसाने माहिती आणली कुठून. या इतिहासकाराच्या टिपा बघून मी मनातल्या मनात हात जोडले. मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं सगळ्यांनाच माहीत असतात. हा माणूस भाषण कुणाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं, तिथवर जायला गाडी कुणाची होती, पुढाऱ्याच्या पायात त्या दिवशी कुठले बूट होते, इथवर जायचा. एकच प्रसंग तीन माणसांनी तीन प्रकारे सांगितला असेल तर तिघांचंही ऐकून घ्यायचा. असा माणूस आमच्या खात्यात असता तर मी त्याला सोडला नसता.

वाचायला मला आठ महिने लागले. सकाळी चहा झाला की किचन टेबलावर पुस्तक, शेजारी डिक्शनरी, आणि मधूनमधून बायकोला वाचून दाखवणं. सत्याग्रहाची पद्धत आपल्याकडून तिकडे गेली, हे कुठे आलं की माझी छाती फुगायची आणि आवाज चढायचा.

"गेली ना?" बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मग आपण इथे येताना काय आणलं? प्रेशर कुकर."

मी पुढचं पान मनातच वाचलं.

दुसऱ्या खंडाच्या मध्यावर मला माझे कारखान्यातले गुरू आठवायला लागले. ते काळे होते, माझ्याआधी बारा वर्षं त्या खात्यात होते, आणि मला जे काही येत होतं ते त्यांनी शिकवलेलं होतं. खात्याचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा वरच्यांनी नेमलं मला. बायकोने घरी पेढे केले, मी ते सगळ्यांना वाटले. गुरूंनी दोन घेतले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या कामाकडे वळले. त्या आठवड्यात मी सांगलीला वडिलांना पत्र लिहिलं, की या देशात गुणांची कदर होते. प्रमुख ते का झाले नाहीत हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही आणि पुढे चाळीस वर्षंही पडला नाही. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी, कुठल्याशा गावातल्या एका काळ्या शिक्षकाला कामावरून काढल्याचं वाचताना तो पडला. मला लाज वाटली. मी पुस्तक मिटलं. ते गुरू केव्हाच गेले, आता कुणाला जाऊन सांगणार?

तर इतकं देणारी पुस्तकं परत करायची, ती नुसती कशी करायची, असं माझ्या मनाने घेतलं. आणि तिथे माझं शहाणपण नडलं.

हे कळायला आमच्या सांगलीच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आम्ही पाच भावंडं आणि प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकांचा संच घरात एकच. थोरल्याचं वर्ष संपलं की पुस्तकं धाकट्याकडे. परीक्षा झाल्या की मे महिन्यात एका दुपारी वडील सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडायचे आणि आम्ही रबरं घेऊन बसायचो. वर्षभरात पेन्सिलीने लिहिलेले शब्दांचे अर्थ, चित्रांतल्या राजांना काढलेले चष्मे, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या कोऱ्या पानावरची 'आयएमपी'ची यादी, म्हणजे परीक्षेला हमखास येणाऱ्या प्रश्नांची पानं, हे सगळं पुसून काढायचं. उसवलेली शिवण आई सुईदोऱ्याने घालायची. फाटलेलं पान खळीने चिकटवायचं. वर ब्राऊन पेपरचं नवं कव्हर. पुस्तक दुसऱ्याच्या हातात देताना कोरं दिसलं पाहिजे, हा वडिलांचा कायदा, आणि माझी पुस्तकं सगळ्यांत कोरी दिसायची. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं कौतुक रबर चांगलं चालवतो म्हणून मिळालं आहे.

बाईंच्या तिन्ही खंडांत जागोजाग पेन्सिलीच्या खुणा होत्या. समासात बरोबरची चिन्हं, फुल्या, कुठे एखादा आकडा. आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर यादी होती, डावीकडे पानांचे आकडे आणि पुढे घाईच्या तिरक्या अक्षरात काहीतरी. मी एक नजर टाकली आणि म्हटलं, आयएमपी. दुसरं काही सुचलंच नाही. बाईंनीही त्याला खरडणंच म्हटलं होतं. मी हजारो पानं डिक्शनरी लावून, टिपांसकट वाचली आणि ती दोन पानं वाचली नाहीत.

"विचारलंत का त्यांना?" माझ्या हातातलं रबर बघून बायको म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? खूश होतील."

"अहो, पर्सनल काही असलं तर?"

"परीक्षेच्या खुणा आहेत त्या."

"कसली परीक्षा? ऐंशीच्या पुढच्या माणसाला कुठली एक्झाम असते?"

तोवर माझा दुसरा खंड पुसून होत आला होता. तीन दिवस खपलो. मऊ पांढरं रबर एकाच दिशेने चालवायचं, कचरा ब्रशने झाडायचा, पान चुरगळू द्यायचं नाही. यादीतली शेवटची ओळ तेवढी खूप दाबून लिहिलेली होती आणि तिच्यातल्या काही शब्दांखाली दोनदा रेघ मारलेली होती. ते शब्द मऊ रबराला दाद देईनात, म्हणून शाईचं खरखरीत रबर शोधून आणलं आणि घासून काढले. मग तिन्ही खंडांना ब्राऊन पेपरची कव्हरं घातली. सोबत चिवड्याचा डबा घेतला आणि डिसेंबरातल्या एका सकाळी बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा शेजारी गेलो.

बाईंना कव्हरं बघून हसू आलं. त्यांनी कॉफी केली. पुस्तकं कशी वाटली ते विचारलं, तेव्हा मी माझ्या गुरूंची आणि पेढ्यांची गोष्ट सांगितली. ती मी त्याआधी कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितली नव्हती. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग चष्मा लावत म्हणाल्या, बरं झालं तू आत्ता आणलीस. फेब्रुवारीत पलीकडच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये भावासाठी प्रार्थना आहे, तिथे त्याची यादी वाचायची आहे.

"कसली यादी?" मी विचारलं.

"मागे लिहिलीय ती." त्यांनी तिसरा खंड शेवटून उघडला. "हा इतिहासकार कसून लिहिणारा, पण कितीही कसून लिहिलं तरी एका पुस्तकात सगळी माणसं मावत नाहीत. भावाने शेवटच्या आजारपणात तिन्ही खंड पुन्हा वाचले. ज्यांना तो ओळखत होता आणि जी या पुस्तकात नाहीत, ती माणसं त्याने मागे लिहून काढली. या पानावर ही सभा आहे, तिथला स्वयंपाक हिने केला. या पानावर ही मिरवणूक आहे, तिच्यामागून गाडी याने चालवली. तो म्हणायचा, मी गेलो की यांना ओळखणारं कुणी उरणार नाही."

बोलता बोलता त्या पान उलटत होत्या. एकदा उलटलं, परत मागे आल्या. पान फाटलं की काय म्हणून शिवणीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मी पुसली," मी म्हटलं. "स्वच्छ करून द्यावी म्हणून."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मी उतरवून घेणार होते. आज करू, उद्या करू म्हणत राहिले." आणि मग, "तू आता घरी जा." चिवड्याचा डबा त्यांनी तसाच माझ्या हातात परत दिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. पन्नास वर्षांत ती संधी तिने कधी सोडलेली नाही, त्यावरूनच प्रकरण कुठवर गेलंय ते मला कळलं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एखादी वस्तू मोडली तर भरून देता येते. त्या माणसांची नावं जगात एकाच जागी लिहिलेली होती आणि मी तीन दिवस मन लावून ती जागा साफ केली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी किचन टेबलावर तिरपं, हिवाळ्यातलं ऊन आलं होतं. तिथे बायकोचं ग्रोसरीच्या यादीचं पॅड पडलेलं. वरचं पान तिने फाडून नेलं होतं, पण खालच्या कोऱ्या पानावर 'कोथिंबीर' असं उमटलेलं दिसत होतं. समोरून बघितलं की कोरं, कडेने बघितलं की कोथिंबीर. मी पॅड हातात घेऊन उभाच राहिलो. कारखान्यातला माझा पहिला आठवडा, आणि गुरू मला सांगतायत की डायकडे समोरून बघू नकोस, समोरून सगळंच गुळगुळीत दिसतं. टॉर्च पृष्ठभागाला टेकवून आडवा धर, मग ओरखडा लपत नाही. या एका गोष्टीवर मी चौतीस वर्षं पोट भरलं होतं आणि दोन दिवस ती मला आठवली नव्हती.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. पेन्सिल पुसली तरी दाबलेल्या अक्षरांचा चर कागदात राहतो, उजेड आडवा टाकला तर वाचता येईल, सगळं नाही तरी बरंचसं.

"पुस्तक आता या घराबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"मी दिवा घेऊन इथे येतो."

त्यांनी थोडा विचार केला आणि दार पूर्ण उघडलं.

नऊ दुपारी लागल्या. डायनिंग टेबल, पडदे ओढलेले, माझा तपासणीचा दिवा पुस्तकांच्या चळतीवर कागदाच्या पातळीला टेकवलेला, आणि माझ्या डोळ्याला भिंग. शेजारी बाई वही घेऊन बसायच्या. दिवा एका बाजूने लावला की उभ्या रेघा दिसत, दुसऱ्या बाजूने लावला की आडव्या. दोन्ही जुळवून एकेक अक्षर मी सांगायचो आणि त्या लिहायच्या. पहिल्या दुपारी तीन नावं निघाली. चौथं नाव मी अक्षर अक्षर सांगत असताना त्यांनी मध्येच पेन खाली ठेवलं आणि स्वतःच पूर्ण केलं. "हा?" त्या म्हणाल्या. "हा माझ्या भावाच्या लग्नात नाचला होता. काय घाण नाचायचा." आणि दार अर्धं उघडलं त्या दिवसापासून त्या पहिल्यांदाच हसल्या. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, तो खारा डबा परत घेऊन गेलास त्याचं काय केलंस?

ती नावं मी इथे देत नाही. ती माझ्या लिखाणात मिरवायला नाहीत. पण त्यांच्यापुढे भावाने लिहिलेलं सांगतो. एकाने आपलं न्हाव्याचं दुकान सभेला दिलं. एकीने चौदा जणांना दोन खोल्यांत झोपवलं. एक म्हातारा वाचता येत नसताना रोज मतदार नोंदणीच्या वर्गाला येऊन मागच्या बाकावर बसायचा, म्हणजे बाकीच्यांना यायला धीर यावा. एकाने फक्त रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून पोलीस आले की इशारा म्हणून टोपी काढली. इतिहासकाराच्या पानांत ती सभा होती, तो वर्ग होता, ती मिरवणूक होती. मी ती सगळी वाचली होती. आता दिव्याच्या आडव्या उजेडात त्याच पानांमधून एकेक माणूस उठून उभा राहत होता, आणि प्रत्येक नाव लागलं की मला हायसं वाटायचं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सव्वीस ओळी होत्या. पंचवीस निघाल्या.

सव्विसावी तीच, दोनदा रेघ मारलेली. रेघ नावाखाली होती. खरखरीत रबराने तिथला कागदच सोलून काढला होता, चर उरलाच नव्हता. दिवा चारी बाजूंनी फिरवला, भिंग बदललं, कागदाला श्वास लागू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला. पानाचा आकडा निघाला. नावापुढचे शब्द निघाले, कारण तिथे मी हात जरा हलका ठेवला होता. 'कोर्टात जायला आमचे शर्ट इस्त्री केले.' नाव निघालं नाही. भावाचे त्या दिवसांतले दोन सोबती अजून हयात होते. बाईंनी दोघांना फोन केले. एकाला काहीच आठवेना. दुसऱ्याला शर्ट आठवले, पांढरे, कांजी घातलेले, तुरुंगातून जामिनावर सुटल्यावर थेट अंगावर चढवलेले. इस्त्री करणारी उंच होती की ठेंगणी, तेही त्याला सांगता येईना.

"जे नाव त्यांनी सगळ्यांत दाबून लिहिलं, तेच मी सगळ्यांत दाबून पुसलं," मी बाईंना म्हटलं.

'जाऊ दे' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी दिवा बंद केला आणि पडदे उघडले.

चर्चमध्ये वाचायची प्रत त्यांनी मला शाईने लिहायला लावली. पंचवीस ओळी झाल्यावर मी विचारलं, आता काय लिहू? त्या म्हणाल्या, आकडा लिही, शर्टांचं लिही, मध्ये जागा सोड.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी, बायको आणि बाई गाडीने नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलो. सीमेवरच्या अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं, तर बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "नावं वाचायला." त्याने आमच्या तिघांकडे एकदा बघितलं आणि पासपोर्ट परत दिले. माझ्या डोक्यात मात्र सकाळपासून एकच विचार होता. शेवटी तो तोंडातून निघालाच.

"कुणी पुसलं ते तुम्ही तिथे सांगणार आहात का?"

"ठरवलं नाही अजून," बाई म्हणाल्या.

चर्च भरलेलं होतं. बायको रेशमी साडीवर विंटर जॅकेट घालून माझ्या शेजारी बसली होती. बाईंना दोघांनी धरून पुढे नेलं, पण वाचायला लागल्यावर त्यांचा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पानाचा आकडा, नाव, आणि त्या माणसाने काय केलं. प्रत्येक ओळ झाली की सगळं चर्च एका आवाजात म्हणायचं, "येस." न्हाव्याला येस. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला येस. टोपी काढणाऱ्याला हसत हसत येस. माझं लक्ष त्यांच्या हातातल्या कागदाकडे.

सव्विसाव्या ओळीला त्यांनी आकडा वाचला आणि थांबल्या.

"हिचं नाव आमच्या हातून गेलं," त्या म्हणाल्या.

त्या 'आमच्या' म्हणाल्या. मला तिथेच बसून राहता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, आणि बाईंनीही मला पुढे कधी विचारलं नसतं. पण कारखान्यात डाय बिघडली की ज्याच्या हातून बिघडली त्याचीच सही कागदावर लागायची. मी प्रमुख असताना दुसऱ्या कुणाची सही कधी चालवून घेतलेली नाही. मी उभा राहिलो.

"आमच्या नाही," मी म्हटलं. "माझ्या हातून. पुस्तक स्वच्छ दिसावं म्हणून मी ते नाव पुसलं. ते मी वाचलंसुद्धा नव्हतं."

सगळे वळून बघायला लागले. मागच्या रांगेतून एक म्हातारी हळूच म्हणाली, "सावकाश, बाबा. वेळ आहे आमच्याकडे." पण माझ्याकडे आणखी सांगण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी थोडी वाट बघितली. मग कागदावर बोट ठेवून ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. पानाचा आकडा वाचला. जागा सोडलेली होती तिथे, एखादं नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या त्या गप्प राहिल्या. मग शर्टांचं वाचलं.

चर्च म्हणालं, "येस." आधीच्या पंचवीस जणांना म्हणालं होतं तेवढ्याच मोठ्याने.

मला म्हणता आलं नाही. मी तसाच उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बायकोने मात्र सगळ्यांच्या बरोबरीने म्हटलं, आणि कोटाला धरून मला खाली बसवलं.